पायाळू काकूची लाथ आणि माझी कंबर

डॉक्टरसाहेब, माझी अब्रू तुम्ही घालवलीत. नाव लिहीत नाही, वाचाल तेव्हा कळेल.

माझं पोट पुढे, बूड मागे, मधे कंबर खोलगट. आमच्या शेणवे गावात लोक म्हणायचे, चंदर फार ताठ्यात चालतो. तुम्ही फोटो काढून सांगितलंत: हाड चांगलंय, पण कमरेचा बाक प्रमाणाबाहेर आहे. पोटाचे स्नायू ढिले पडलेत. ऑपरेशन नको, सहा आठवडे व्यायाम करा, तोवर वाकून काम बंद. मी म्हटलं, चारच आठवड्यांत सरळ होऊन दाखवतो. पण हे बाहेर बसलेल्या माझ्या बायकोला का नाही सांगितलंत? ऐन आवणीत, भाताची रोपं लावायच्या दिवसांत, वाकायची बंदी आहे, हे नवऱ्याच्या तोंडून कोण खरं मानेल?

आमच्याकडे भाताची आवणी एकमेकांच्या शेतावर जाऊन होते. मी शेजारच्या धाकलूकडे गेलो नाही, तर माझ्याकडे कोणी येणार नाही आणि माझं रोप वाफ्यातच म्हातारं होणार.

सकाळी ओटीवर उताणा पडून गुडघे छातीशी घेतले, कंबर जमिनीला दाबली. तेवढ्यात धाकलू बोलवायला आला. "रेश्मा वहिनी, याला झटका आला गो!" म्हणत त्याने चिखलाची चप्पल माझ्या नाकाला लावली.

"व्यायाम करतोय रे," मी चपलेखालून म्हणालो.

"बरळतोय पण."

"झटका नाय, कामाचा कंटाळा हाय," रेश्मा म्हणाली. "म्हणे कंबर वाकडी."

"मग सरस्वती काकूला हाक मार. पायाळू हाय ती."

पायाळू म्हणजे पायांकडून जन्मलेली. तिने लाथ मारली की कंबर सुटते, अशी आमच्याकडे श्रद्धा. काकूचं वय सत्तर, लाथ विशीतली. तिला आलेली पाहून मी रांगत पळत होतो, तोच कमरेत लाथ बसली. ओटीवरून थेट अंगणात गेलो आणि घाबरून ताडकन उभा राहिलो.

"उभा राहिला ना?" काकू म्हणाली. "चहा टाक गो, रेश्मा."

"बरा झालास," धाकलू म्हणाला. "चल आवणीला."

मी तुमचा कागद पुढे केला. धाकलूने चित्रं पाहिली. "यातला माणूस तर सगळीकडे झोपलाय."

शेवटी मी अंगणातच पाय लांब करून उताणा पडलो. "कमरेखाली हात घालून बघ."

त्याने घातला. मग म्हणाला, "हात काय, खालून कोंबडी जाईल रे."

माणूस मनाचा चांगला. त्याने तिथेच न्याय केला: "तू वाकू नको. तुझ्या जागी वहिनी येतील. तू उद्यापासून सगळ्यांचं जेवण कर. बावीस माणसं हायत."

रेश्मा पहिल्यांदाच हसली.

साहेब, तुमच्या कागदावर झोपायचं चित्र आहे, बसायचं आहे, चालायचंही आहे. बावीस माणसांच्या भाकऱ्या थापताना कंबर कशी ठेवायची, ते कुठे आहे? उद्या पहाटे पीठ मळायला बसायचंय. त्याआधी उत्तर पाहिजे.