मुंगीच्या मालकाचं पत्र

शिक्केवाल्यांनी ठरवलं, की आपण एकदाच, एका कागदापुरतं खोटं वागायचं, आणि मग उरलेलं आयुष्य परत सरळ काढायचं. (माणूस असं काही ठरवतो ना, तेव्हा नशीब कोपऱ्यात बाह्या सरसावत बसलेलं असतं.)

तसा माणूस सरळ. इतका सरळ, की फुटपट्टीने त्याच्यावरून रेघ मारून घ्यावी. रबरी शिक्के बनवायचं दुकान. दुकान म्हणजे काय, एकाला बसता येतं आणि गिऱ्हाइकाला फक्त वाकता येतं, एवढंच. आत जळक्या रबराचा वास, शाईचे पॅड, ड्रॉवरभर अक्षरं, आणि भिंतीवर पाटी: 'लेखी पत्राशिवाय दुसऱ्याच्या नावाचा शिक्का बनवून मिळणार नाही.' एकदा एकजण डॉक्टरच्या नावाचा शिक्का मागायला आला, डोकं दुखतंय म्हणून रजा काढायची होती. शिक्केवाल्यांनी त्याला प्रामाणिकपणावर अर्धा तास असं काही झोडपलं, की त्या बिचाऱ्याचं डोकं खरंच दुखायला लागलं.

त्यांची मुलगी पाचवीत. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरात तिला पावशेर म्हणतात. वजन अजून पावशेरच, जीभ मात्र मणभर.

तर या पावशेरच्या वर्गात बाईंनी एक दिवस विचारलं, की नेटवर जे फोटो, चित्रं, गाणी दिसतात ती कोणाची असतात. अख्खा वर्ग एका सुरात म्हणाला, नेटची. बाई खुर्चीत बसल्या, पाणी प्यायल्या, आणि दोन आठवड्यांचा प्रकल्प दिला. प्रत्येकाने नेटवरचा आवडलेला एक फोटो निवडायचा. तो कोणी काढला ते शोधायचं. त्या माणसाला विचारायचं, की मी वापरू का. हो म्हणाला तर खाली त्याचं नाव लिहून फलकावर लावायचा, नाही म्हणाला तर नाही. आणि उत्तरच आलं नाही तर? तर तेही नाहीच, बाई म्हणाल्या, शेजारी घरी नाही म्हणून आपण त्याची सायकल नेत नाही.

पोरं ती पोरंच. एकाने स्वतःच्याच कुत्र्याचा फोटो काढला, स्वतःलाच अर्ज केला आणि स्वतःच मंजूर केला. पावशेरने मात्र मुंगी निवडली.

फोटो बघण्यासारखा होता. गवताचं एक पातं, टोकावर मुंगी, आणि मुंगीने पुढच्या दोन पायांत दवाचा थेंब धरलेला. लहान पोर मोठा पेला दोन्ही हातांनी धरतं ना, तसा. पावशेर तो फोटो बघायची तेव्हा श्वास हळू घ्यायची. थेंब सांडेल म्हणून.

फोटोखाली आद्याक्षरं आणि आडनाव, एवढंच नाव, आणि ईमेलचा पत्ता होता. आईच्या ईमेलवरून तिने पत्र धाडलं, आणि खाली घराचा पूर्ण पत्ता लिहिला, कारण पत्त्याशिवाय पत्र म्हणजे दांड्याशिवाय शिक्का, हे बापाने शिकवलेलं. मग रोज शाळेतून आली की दप्तर काढायच्या आधी विचारायची, आलं का. तेरा दिवस आई नाही म्हणत होती. फलक सोमवारी लागणार. शुक्रवारी सकाळी पावशेरने एक कोरा कागद घेतला, त्यावर चौकट आखली आणि खाली लिहिलं: 'इथे मुंगी लागणार होती. उत्तर आलं नाही.'

शिक्केवाल्यांनी चहाचा कप बाजूला ठेवला. त्यांनी हळूच सुचवून बघितलं, की लाव गं तसाच, कोणाला कळणार आहे.

"मला कळेल ना, बाबा," ती म्हणाली आणि चौकटीच्या रेघा जाड करत बसली.

झालं. दुकानात जेवणाच्या सुट्टीत शटर अर्धं खाली ओढून त्यांनी पत्र टाइप केलं. 'प्रिय मुली, माझा फोटो वापरायला परवानगी आहे. त्यात विशेष काही नाही, मी तो दोन मिनिटांत काढला. मुंगी आधी माझ्या मिशीवर होती, तिथून गवतावर गेली. खूप अभ्यास कर. तुझा, फोटोवाले काका.' छापलं, वाचलं, पण कागद उघडा-उघडा वाटायला लागला. दुसरा कुणी असता तर तेवढ्यावर थांबला असता. हा पडला शिक्केवाला. शिक्का नसलेलं पत्र त्याच्या लेखी पत्रच नाही.

मग बनवला शिक्का. गोल. कडेने फोटोवाल्याचं नाव, मधे थेंब धरलेली मुंगी, फोटोवरून रेघन् रेघ गिरवलेली. भिंगाखाली बसून एकेक पाय कोरला. मिशा कोरल्या, त्या मुंगीच्या. हात जराही हलला नाही. आयुष्यात इतका सुंदर शिक्का त्यांनी बनवला नव्हता, आणि लेखी पत्र कुणाकडे मागितलं नव्हतं. पाटी डोक्यामागे होती, त्यामुळे वाचायची वेळ आली नाही.

शनिवारी ते पत्र खालच्या पत्रपेटीत मिळालं. पावशेरने ते जिन्यातच फोडलं, वॉचमनला वाचून दाखवलं, वर येताना प्रत्येक मजल्यावर एकदा वाचलं. आई औषधाच्या दुकानात कामाला, कुठल्याही डॉक्टरचं कसलंही अक्षर वाचते. तिने पत्र बघितलं, मग नवऱ्याकडे बघितलं, आणि "बरं" म्हणाली. (बायकोचं 'बरं' आणि डॉक्टरचं 'बघू' ऐकून माणसाने लगेच कागदपत्रं आवरायला घ्यावीत.)

शिक्केवाल्यांना वाटलं, जमलं. पण पावशेर पत्र हातात घेऊन विचारात पडली होती. दोन मिनिटांत मुंगी थांबते का? थेंब कसा फुटला नाही? मिशीवरून उतरायला तिला जिना होता का? आणि तिने आईचा लॅपटॉप उघडून फोटोवाल्या काकांना आभाराचं ईमेल लिहिलंसुद्धा, 'तुमचं पत्र मिळालं, शिक्का फारच सुंदर आहे', आणि खाली हे सगळे प्रश्न. उत्तरं सोमवारी फलकावर लावणार होती.

म्हणजे सोमवारच्या आत काकांचं दुसरं पत्र यायला हवं. आणि या काकांना, म्हणजे शिक्केवाल्यांना, मुंग्यांबद्दल तर काहीच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी शिक्केवाले दुकानातलं भिंग आणि मोबाइल घेऊन इमारतीमागच्या गवतात उतरले. पंधरा मिनिटं बघू, थोडं समजलं की वर जाऊन लिहून टाकू, असा हिशोब. आधी ते उकिडवे बसले. दिसलं फक्त गवत. मग गुडघ्यावर आले. मग, आजूबाजूला कुणी नाही बघून, पोटावर झोपले. बनियन भिजलं, कोपराखाली काहीतरी चिरडलं. मोबाइलपुढे भिंग धरलं, तर मुंगीचं फक्त ढुंगण आलं. दुसऱ्यांदा गवत हललं. तिसऱ्यांदा त्यांनी श्वास सोडला आणि थेंबच गळून पडला. मग श्वास धरून बघितला. पाऊण तास गेला.

आणि मग एक मुंगी खरंच पात्यावर चढली. थांबत, मिशा हलवत, पुढचा पाय टेकून बघत. टोकाला थेंब होता. शिक्केवाल्यांनी भिंग अगदी जवळ नेलं, आणि थेंबात बघितलं तर तिथे त्यांची अख्खी इमारत होती. उलटी. चार मजले, खिडक्या, गच्ची खाली, आभाळ त्याच्याही खाली, आणि दुसऱ्या मजल्यावर वाळत घातलेला त्यांचा स्वतःचा निळा शर्ट, राईच्या दाण्यापेक्षा लहान, बाह्या वर करून. मुंगी थेंबापाशी आली. तिने थेंबाला हात लावला. होय, हातच. इमारत हलली, शर्ट हलला, पण थेंब फुटला नाही. मुंगी पाणी प्यायला लागली.

आपण हे रोज तुडवत जातो, एवढंच त्यांच्या मनात आलं. बोट मोबाइलच्या बटणावर होतं. दाबायचं असतं हे ते विसरून गेले.

तेवढ्यात वॉचमन आला. त्याने काय बघितलं? तर दुसऱ्या मजल्यावरचे साहेब गवतात पालथे पडलेत, हलत नाहीत, श्वाससुद्धा घेत नाहीत. माणूस कर्तव्यदक्ष. त्याने आरडाओरडा केला नाही, गाड्या धुवायची बादली उचलली आणि पूर्ण ओतली.

शिक्केवाले वर आले तेव्हा अंगातून पाणी गळत होतं आणि मिशीला गवत होतं. मुंगीचं काय झालं असेल याचीच त्यांना काळजी. त्या पत्रातलं 'विशेष काही नाही, दोन मिनिटांत काढला' आठवलं आणि कान तापले. दुसऱ्याच्या तोंडी आपण हे घातलं. आत्ताच्या आत्ता पोरीला खरं सांगायचं, असं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तर समोर आई लॅपटॉप घेऊन बसलेली आणि पावशेर तिच्या शेजारी, ते पत्र मांडीवर घेऊन.

"अहो, या. मुंगीवाल्यांचं उत्तर आलंय," आई म्हणाली.

तिने वाचून दाखवलं. फोटो काढणारे काका नव्हतेच. निवृत्त शिक्षिका होत्या, सत्तरीच्या, मिशी नसलेल्या. गुडघ्याचं ऑपरेशन झालं म्हणून उत्तराला उशीर. लिहिलं होतं, की या फोटोसाठी मी अकरा सकाळी पोटावर झोपले, त्याचंच हे गुडघ्याचं फळ असावं. तू विचारलंस याचा फार आनंद झाला, कारण हा फोटो हजारो लोकांनी नेला आणि विचारणारी तू पहिली. खाली नाव लिही आणि खुशाल लाव. फक्त एक कोडं सुटत नाही. तू कुठल्या पत्राबद्दल बोलतेस? मी पत्र पाठवलेलं नाही, आणि माझ्याकडे शिक्काही नाही. माझ्या नावाने तुला हो म्हणणारा हा कोण?

पावशेर उठली. बापाच्या हातातलं भिंग काढून घेतलं, पुसलं, आणि पत्रावरचा शिक्का बघितला. बाहेरच्या गोलाला वरच्या बाजूला बारीकशी खाच होती. गिऱ्हाइकाला शिक्का सरळ धरता यावा म्हणून शिक्केवाले प्रत्येक शिक्क्याला ती खाच पाडतात. ही त्यांची खूण, हे जगात दोघांनाच माहीत, एक ते आणि दुसरी रोज संध्याकाळी दुकानात बसून अभ्यास करणारी त्यांची मुलगी.

तिने भिंग खाली ठेवलं. रडली असती तर बरं झालं असतं.

"त्या नाही म्हणाल्या असत्या तर मला चाललं असतं, बाबा," ती म्हणाली. "पण त्यांच्या ऐवजी तू हो म्हणालास."

बादलीभर पाण्याने झालं नव्हतं ते आता झालं, माणूस आतपर्यंत भिजला. पावशेरने त्यांच्यापुढे कोरा कागद ठेवला. टाइप नाही, हाताने. स्वतःच्या नावाने. आणि शिक्का मारायचा नाही.

जन्मभर दुसऱ्यांची नावं कोरणाऱ्या माणसाला आपलं नाव लिहून माफी मागायला पाच कागद लागले. सगळं लिहिलं. पाटीचं, शटरचं, मिशीचं. शेवटी थेंबातल्या उलट्या इमारतीचं लिहिलं, आणि हेही, की फोटो मला घेता आला नाही, बटण दाबायचं राहून गेलं. पावशेरने वाचलं, शुद्धलेखनाच्या चार चुका काढल्या, आणि त्या कागदांचे आणि शिक्क्याच्या पत्राचा फोटो काढून ईमेलने पाठवले. रात्री जेवताना तिने आपल्या ताटातलं लोणचं न बोलता त्यांच्या ताटात सरकवलं. म्हणजे तह नाही, पण तोफा बंद.

मग म्हणाली, खोटं पत्रसुद्धा फलकावर लावायचंय. शिक्केवाल्यांनी घास परत ताटात ठेवला. पण पोरगी अर्जच घेऊन आली होती. पत्र तू बनवलंस ना, म्हणजे ते तुझं. तुझ्या परवानगीशिवाय मी कसं लावू? आणि शिक्क्यात त्यांची मुंगी आणि त्यांचं नाव आहे, म्हणून त्यांनाही विचारलंय, त्या हो म्हणाल्यात, बाकीचं सावकाश लिहिते म्हणाल्यात. आई हसून हसून ताटावर वाकली. बापाने सही केली. (न करून सांगतो कोणाला?)

सोमवारी दुपारी पालकांना फलक बघायला बोलावलं होतं. मुंगीच्या फोटोखाली त्या बाईंचं नाव ठळक अक्षरात. शेजारी शिक्क्याचं पत्र, आणि खाली: 'ही परवानगी खोटी आहे. बनवणारे: माझे बाबा. लावायला त्यांची लेखी परवानगी आहे.' सगळी गर्दी तिथेच. शिक्केवाले खांबामागे उभे. वर्गशिक्षिका म्हणाल्या, की पंधरा दिवस मी जे सांगत होते ते पोरांना या एका कागदाने समजलं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही स्वतःच याल का समजवायला. पण शिक्केवाले त्यांच्याकडे बघतच नव्हते. कुत्र्याच्या फोटोवाला पोरगा फलकाला नाक लावून मुंगीचा थेंब बघत होता, आणि श्वास अगदी हळू घेत होता.

दोन दिवसांनी फोटोवाल्या बाईंचं माफीपत्राला उत्तर आलं. माफ केलं होतं. 'इमारत दिसली ना तुम्हाला? बटण राहून जातं, माझंही पहिल्या दहा सकाळी राहिलं.' शिक्केवाल्यांनी ते तीनदा वाचून घेतलं. आणि खाली आणखी एक ओळ होती: शिक्का मला फार आवडला आहे. ज्याने बनवला त्याची हरकत नसेल, तर तो मी माझ्या पत्रांवर वापरू का?

शिक्केवाल्यांची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण बोलायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी काम आवडलं म्हणून त्यांच्याकडे परवानगी मागत होतं. लगेच खुर्ची ओढून बसले, घसा साफ केला आणि सांगायला लागले, की लिही, माझ्या शिक्क्याचा हक्क मी आनंदाने...

"थांब," पावशेर म्हणाली. "मुंगी कोणाची?"

"त्यांची."

"नाव?"

"त्यांचंच." छाती थोडी उतरली. "पण मग त्यात माझं काय?"

पावशेरने शिक्का उचलला, उलटसुलट फिरवला, भिंगाखाली धरून चांगला वेळ बघितला. बापावर अन्याय व्हायला नको, म्हणून परत एकदा बघितला.

"बाहेरचा गोल," ती म्हणाली, आणि तेवढ्याचीच परवानगी त्यांच्याकडून लेखी घेतली.