दुकानात नसलेली टाकी

"शुक्रवारपर्यंत हो की नाही ते सांगायचंय," आईने पुन्हा एकदा आठवण केली आणि बाबांनी पुन्हा एकदा चष्मा काढून पुसला. चष्मा आधीच लखलखीत होता. बाबांचं चष्म्याचं दुकान असल्यामुळे त्या घरात बाकी काही जागेवर नसलं, तरी चष्मे मात्र स्वच्छ असत.

प्रश्न भिंगरीचा होता. भिंगरी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिला एका जागी बसलेलं कोणी पाहिलं नव्हतं, म्हणून हे नाव. तिला सहावीतच आठवीचं गणित शिकवणाऱ्या खास वर्गात घालावं, असं शाळेतल्या बाईंचं म्हणणं पडलं. बाईंना भिंगरीने "घरी विचारून सांगते" म्हणून टोलवलं आणि घरच्यांना "तुम्ही ठरवा" म्हणून.

"खेळायचं वय आहे तिचं," आई म्हणाली. "पण पोरगी हुशार आहे, तिला मागे तरी का ठेवायचं? अहो, बोला की काहीतरी!"

"विचार करतोय," बाबा म्हणाले आणि उठून पंखा बंद केला. मग उकडायला लागलं म्हणून पुन्हा सुरू केला.

त्यांच्या मनात जे चाललं होतं, ते बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. पहिलीपासून भिंगरी रोज संध्याकाळी "बाबा, हे कसं करायचं?" म्हणत त्यांच्या खुर्चीला येऊन चिकटायची. बाबा आठवेल तसं समजावून सांगायचे आणि ती डोळे मोठे करून म्हणायची, "हां, आता कळलं!" त्या तीन शब्दांवर बाबांचा सगळा दिवस साजरा व्हायचा. पण आठवीच्या गणितात अक्षरं येतात, आणि अक्षरं आली तिथेच बाबा गणितातून गेले होते. खास वर्गात गेल्यावर आठवड्याभरात लेकीला कळणार, की आपल्या बापाला यातलं ओ की ठो येत नाही. नाही म्हणावं तर पोरीचं नुकसान, हो म्हणावं तर आपली अब्रू. बाबांना दोन्हीकडून घाम फुटला होता.

सोमवारी दुकानात गणिताचे एक निवृत्त सर नंबर तपासायला आले. बाबांनी त्यांना तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली आणि मग दार लोटून हळूच विचारलं, "सर, मला आठवीचं गणित शिकवाल का? घरी कळता कामा नये."

सरांना शिष्याविना करमत नव्हतंच. दुपारी दुकान बंद असायचं, तेव्हा डोळे तपासायच्या त्या चिंचोळ्या खोलीत शिकवणी सुरू झाली. "पाय हलवू नका!" सर पहिल्याच दिवशी ओरडले. "खडू चावू नका! आणि हे उदाहरण उद्या सोडवून आणा."

बाबांनी संध्याकाळभर त्या उदाहरणाशी झटापट केली. शेवटी त्यांनी कागद भिंगरीपुढे सरकवला. "जरा बघ गं. दुकानाचं काम आहे."

भिंगरीने वाचलं. "एका नळाने टाकी सहा तासांत भरते, दुसऱ्याने आठ तासांत रिकामी होते. दुकानात टाकी कुठेय?"

"मागे. नवीन बसवलीय."

"मग खालचा नळ उघडा कशाला ठेवलाय?"

"तेच तर बघायचंय!" बाबा म्हणाले.

भिंगरीने उत्तर काढून दिलं. दुसऱ्या दिवशी सरांनी बाबांची पाठ थोपटली आणि खूश होऊन आणखी अवघड उदाहरण दिलं. उत्तर आपलं नाही हे सांगायला बाबांनी तोंड उघडलं, पण सर "शाबास" म्हणाले होते. शाळेत असताना त्यांना हा शब्द कोणी म्हटला नव्हता. तो त्यांना परत करवेना.

त्या संध्याकाळी दोन सायकलस्वार दोन गावांहून निघाले.

"हे कोण?" भिंगरीने विचारलं.

"गिऱ्हाईकं. कुठे भेटतात ते कळलं, की दोघांचे चष्मे एकाच फेरीत पोचवता येतील."

बुधवारी एका बापाचं वय मुलाच्या वयाच्या तिप्पट निघालं. ते गिऱ्हाईक वय सांगायला तयार नव्हतं, म्हणून बाबांचं काम अडलं होतं. भिंगरी हूं की चूं न करता सोडवत राहिली. अलीकडे ती सलग तासभर एका जागी बसते, हे पाहून आईच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"काय करतेस गं एवढं?"

"बाबांच्या दुकानाचं काम. टाकी गळतेय ना तिथली. सहा तासांत भरते आणि आठ तासांत रिकामी होते."

"टाकी? गळतेय? आणि हे मला बोलले नाहीत?" आईचा पाराच चढला. दुकानात काहीतरी मोठं बिनसलंय, म्हणून हा माणूस घरात येरझाऱ्या घालतोय आणि पोरीच्या वर्गाचं धड बोलत नाही, असा तिने हिशोब जुळवला. तिने ताबडतोब प्लंबरला फोन लावला.

गुरुवारी भर दुपारी प्लंबर अवजारांची पिशवी घेऊन दुकानात हजर झाला.

"टाकी कुठंय?"

"कसली टाकी?" बाबांना खरंच काही आठवेना.

"सहा तासांत भरते आणि आठ तासांत रिकामी होते ती. वहिनींचा फोन होता."

"चोवीस तासांत भरेल!" आतल्या खोलीतून सर गरजले.

प्लंबरने आत डोकावून पाहिलं. "भरंल कशाला साहेब, खालचा नळ बंद करा की!"

बाबा त्याला बाहेर ढकलतायत तोच दारात आई उभी. शाळा लवकर सुटल्यामुळे सोबत भिंगरीही होती. आईने प्लंबरकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं, खडूच्या आकड्यांनी भरलेल्या पाटीकडे पाहिलं.

"अहो, काय चाललंय हे?"

"ताई, तुमचे यजमान हिरा आहेत, हिरा!" सर म्हणाले. "उद्यापासून त्यांना पुढच्या पुस्तकाला घेतो. हं, दाखवा बरं यांना एक उदाहरण सोडवून."

बाबांनी खडू घेतला. पाटीवर उदाहरण उतरवलं, त्याच्याखाली एक रेघ मारली, आणि ती रेघ चांगली दिसेना म्हणून पुसून पुन्हा मारली. खाली त्यांचा पाय पुन्हा हलायला लागला.

"दोन्हीकडून पाच वजा कर," भिंगरी कुजबुजली.

सरांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्यांचा चेहराच उतरला.

बाबांनी खडू खाली ठेवला. "मला नाही येत गं, भिंगरी. यातलं काही म्हणजे काहीच येत नाही."

"माहितीये मला."

"कधीपासून?"

"तिसरीतल्या भागाकारापासून. तू पुढचा अंक खाली घ्यायचाच विसरला होतास."

"मग रोज विचारायला का यायचीस?"

"मी आधी सोडवून मग यायचे." भिंगरी पायाच्या अंगठ्याने फरशी टोकरत राहिली. "तुला समजावून सांगायला किती आवडतं ते! तू किती खूश होतोस. म्हणून तर मी बाईंना हो नाही म्हटलं. तिकडचं अवघड असणार. तुला खोटंखोटंसुद्धा सांगता आलं नाही, तर मग मी संध्याकाळी काय विचारू?"

बाबांना एकदम भरून आलं. रोज संध्याकाळी आपण लेकीला शिकवतोय असं त्यांना वाटत होतं, आणि ती त्यांना सांभाळत होती. त्यांनी चष्मा काढला, आणि या खेपेला तो खरोखरच पुसायला झाला होता.

"उद्या बाईंना हो सांग," ते म्हणाले.

"नक्की?"

"नक्की. आणि संध्याकाळी मीच तुला विचारत जाईन."

आईने मान डोलावली. "मी जाऊ का?" प्लंबरने विचारलं, पण त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सरांनी एक लांब उसासा टाकून पाटी कोरी केली.

"ठीक आहे. यांना मी भागाकारापासून घेतो. घरच्यांची हरकत नाही ना?"

सगळे भिंगरीकडे बघायला लागले. तिने बाबांना वरपासून खालपर्यंत एकदा नीट न्याहाळलं.

"भागाकार एवढ्यात नको, सर," ती म्हणाली. "बाबांना झेपणार नाही. आधी पाढे पक्के होऊ देत."