सोपानमामा सही करत नाहीत

आमच्या शेजारच्या सोपानमामांनी नवा मोबाईल घेतला आणि तो चार दिवस बंदच राहिला. सुरू करताना पडद्यावर ‘अटी मान्य आहेत’ असं आलं आणि मामा अटी वाचायला बसले. चौथ्या दिवशी मला बोलावून म्हणाले, "गुरुजी, अकराव्या कलमाचा एकोणिसाव्याशी मेळच बसंना. सांगा की त्यांना!" कुणाला सांगू? मी गुपचूप बटण दाबलं. पुढे तीन आठवडे मामा माझ्याशी बोलले नाहीत.

मामांनी जन्मभर निलंग्याला खरेदीखतं अन् वाटणीपत्रं लिहिली. आता लातुरात आमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. "दस्तखत म्हंजी जबान हाय," हे त्यांचं पालुपद. कुरिअरवाला दारात ताटकळतो आणि मामा पावतीची मागची बाजू वाचतात. गल्ली वैतागते, पण कुणाच्या घरी जमिनीचा कागद आला की तीच गल्ली मामांच्या ओट्यावर येऊन बसते.

मागच्या महिन्यात मामींचं रक्त फारच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसेनात आणि गर्भपिशवीचं ऑपरेशन तर तोंडावर आलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, लोह शिरेतून देऊ. मीही सोबत गेलो. नर्सने सवयीने संमतीचा कागद मामांपुढे सरकवला.

"काका, इथं सही करा."

"मी न्हाई करत."

मामींचा चेहरा उतरला. त्यांना वाटलं, ह्यांना हे इंजेक्शनच नको आहे. नर्सलाही तसंच वाटलं. "मग नकार लिहू का?"

"नकार कवा म्हणलो? सुई हिच्या हातात जाणार अन् लिहून मी देऊ? शुद्धीवर हाय, चौथी शिकलीय. तिला सांगा, तिला इचारा."

शेवटी डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून मामींजवळ बसल्या. डोकं दुखेल, अंग मोडून येईल, एखादा दिवस कणकण वाटेल. औषध शिरेबाहेर गेलं तर तिथे तपकिरी डाग पडतो, तो लवकर जात नाही. जळजळलं तर लगेच सांगा. क्वचित कुणाला मोठी ॲलर्जी येते, श्वास कोंडतो, रक्तदाब उतरतो. म्हणून सलाईन चालू असताना आणि नंतर अर्धा तास आम्ही लक्ष ठेवतो.

मामींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अन् न्हाई घेतलं तर?"

"दुसऱ्या गोळ्या देऊन बघू, पण वेळ लागेल. ऑपरेशन पुढे ढकलावं लागेल. तोवर अंगावरून जातंच आहे, रक्त आणखी उतरलं तर रक्तच चढवावं लागेल."

मामा ताडकन उठले. "चला गुरुजी, भायेर."

बाहेर बाकावर बसल्यावर मी विचारलं, असं मधेच का उठलात?

"बहिणीचं हक्कसोडपत्र असलं की मी आधी भावांना भायेर काढायचो. घरचं माणूस समोर असलं की बाई खरं बोलत न्हाई. आज घरचं माणूस मीच हाय."

इतका वेळ मी गालातल्या गालात हसत होतो. ते हसू गेलं. मामा मामींची कापडी पिशवी छातीशी धरून बसले होते.

"नको म्हणली तर ती अशीच झिजत जाईल," ते हळूच म्हणाले. "अन् हाव म्हणली, अन् त्यो श्वास कोंडला तर? दोन्हीचं भ्याव वाटायलंय, गुरुजी." त्यांचे डोळे भरून आले होते.

दार उघडलं. "काका, मावशींनी सही केली. या आत."

मामा आत गेले. मामींच्या हाताला सुई लागली होती. खाटेपासून हातभर अंतरावर उभं राहून त्यांनी विचारलं, "भ्याव वाटलं का?"

"दवाखान्याचं न्हाई वाटलं," मामी म्हणाल्या. "तुमी उठून भायेर गेलाव, तवा वाटलं."

मामांनी खुर्ची खाटेला टेकवली आणि मामींचा मोकळा हात हातात घेतला. सलाईन संपलं, वरचा अर्धा तासही झाला, नर्स दोनदा येऊन "आता जा घरी" म्हणाली. त्यांनी हात काही सोडला नाही.