पांढऱ्या फुलीच्या मागे

आमच्या डोंगरात माणूस वाट चुकणं अशक्य! बावीस वर्षं मी हे छातीठोकपणे सांगत आलो. गावात तारेचे कारखाने, कारखान्यांच्या पाठीशी डोंगर, आणि माथ्यावरच्या मंडळाच्या कुटीकडे जाणाऱ्या पायवाटेवर झाडाझाडाला पांढरी फुली. त्या फुल्या माझ्या! दिवसभर तार ओढून हात भरून आले की मी रंगाचा डबा घेऊन रानात शिरायचो आणि लेकराच्या गालाला तीट लावावी तशी एकेका झाडाला फुली काढायचो. भटकंती मंडळाचा वाटाड्या म्हणजे मी, एवाल्ड.

यंदा मात्र लोथारचा त्या पदावर डोळा होता. "फुल्या कोण बघतं आता? फोनमध्ये नकाशा असतो!"

अध्यक्ष क्नोखेबाईंनी निवाडा केला. "बुधवारी एवाल्डच्या फुल्यांवरून चालायचं. ठीक एकला कुटीत पोचलो, तर पद त्याचं."

"तर? तर कसला! सूप उकळायला ठेवा!" मी म्हणालो. बुधवारी माझी बायको इर्मगार्ट वाटाण्याच्या सुपाचं पातेलं गाडीत घालून गाडीरस्त्याने पुढे गेली.

आम्ही अठरा जण निघालो. फुली! पुढे फुली! पुन्हा फुली! मी कोंबड्यासारखा मान ताठ करून चालत होतो. आणि फाट्यावर आलो तो काय, समोर उजाड उतार! किड्याने पोखरलेली झाडं कुणीतरी तोडून नेली होती. पण डावीकडे खाली जाणाऱ्या गाडीरस्त्याच्या कडेला ओंडक्यांची रास होती, आणि एका ओंडक्यावर ठसठशीत पांढरी फुली!

"डावीकडे!" मी गरजलो.

"अहो, कुटी वर आहे ना?" क्नोखेबाई कुजबुजल्या.

"फुली डावीकडे आहे, बाई!"

सगळे डावीकडे वळले. आमच्याकडे चिटपाखरू नसलेल्या रस्त्यावरही लोक लाल दिव्याला थांबतात. फुलीशी वाद कोण घालणार?

पुढे दुसरी रास, दुसरी फुली. मग तिसरी. आम्ही आपले उतरतोच आहोत!

"लोथार, तुझा फोन काय म्हणतोय?"

"मागे वळा म्हणतोय."

"मग?"

"मग काय मग? फुली इकडे आहे ना!"

चौथी फुली ट्रकवर लादलेल्या ओंडक्यावर होती. ती आम्हाला दिसायला आणि ट्रक सुरू व्हायला एकच गाठ पडली.

"फुली चालली! धरा, धरा!"

अठरा पेन्शनर काठ्या परजत ट्रकमागे धावले! ट्रक वळणावरच्या फाटकातून आत शिरला. पाठोपाठ आम्ही.

"कुटी?" आतला माणूस म्हणाला. "आजोबा, ही लाकडं कापायची गिरणी आहे!"

"पण फुली..."

फुली पट्ट्यावरून करवतीकडे निघाली होती. चर्रर्र! दोन फळ्या पडल्या, दोन्हींवर अर्धी अर्धी फुली. खाली गावात चर्चच्या घड्याळात एकचा ठोका पडला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भुसा गेला होता, असं मी सांगितलं.

तेवढ्यात फाटकात आमची गाडी! इर्मगार्ट पातेलं घेऊन उतरली.

"तुला कसं कळलं गं?"

"वर जाताना ओंडक्यांवर फुल्या दिसल्या. म्हटलं, माझा माणूस डोंगर सोडेल, पण फुली सोडायचा नाही."

"मग तेव्हाच फोन करून सांगायचंस!"

"आणि सूप कुणी उकळायचं?"

फळ्यांवर बसून आम्ही सूप प्यायलो. क्नोखेबाईंनी चमचा खाली ठेवला. "आज एकच्या ठोक्याला योग्य जागी पोचलं ते एकच माणूस. कोण अनुकूल?"

अठरा हात वर झाले. त्यातला एक माझा.

हल्ली वाटाडी इर्मगार्ट आहे. ती दगडांवर फुल्या काढते, मी डबा धरतो. तुम्ही आलात तर वाट तिलाच विचारा. मी? मी फुल्या बघत मागून येतो.