एल. व्होसिका, हजर!

"कॉलेजचं पहिलं वर्ष शाळेतच उरकणार माझी पोर! आणि फी? छदामही नाही!"

नेब्रास्कातल्या त्या चिमुकल्या गावात हे ऐकलं नाही असा माणूस उरला नव्हता. लॅम्बर्ट व्होसिकाचं डुकरांच्या खाद्याचं दुकान होतं. गिऱ्हाइकाला आधी लेकीचं कौतुक ऐकावं लागे, मग गोणी मिळे!

लेओना सोळा वर्षांची. शाळा चालू असतानाच दर मंगळवारी कॉलेजात मानसशास्त्राचा तास करायचा, गुण दोन्हीकडे धरले जायचे. कॉलेज चाळीस मैलांवर, आणि लेओनाने नुकतीच शेजाऱ्यांची टपालपेटी गाडीने आडवी केलेली. म्हणून ड्रायव्हर बाप!

"बाबा, तुम्ही गाडीतच थांबा हं!"

"थांबतो की!"

पण जानेवारीतली थंडी ती! तिसऱ्या मंगळवारी मिशा खिळ्यांसारख्या ताठ झाल्या, तसा लॅम्बर्ट गुपचूप वर्गात शिरून मागच्या बाकावर बसला. हजेरीचा कागद फिरत आला. पावत्यांवर सह्या करायच्या सवयीने त्याने ठोकून दिलं : एल. व्होसिका.

"तुम्हाला काय वाटतं, मागच्या बाकावरचे?" प्राध्यापिका प्रुइटबाईंनी विचारलं.

मी नुसता ड्रायव्हर, असं तो सांगणारच होता. पण त्याला काय वाटतं, हे जन्मात कुणी विचारलंच नव्हतं! डुकरं संशयी का होतात यावर तो वीस मिनिटं बोलला. बाई खूश! लेओना बाकाखाली!

मग तो दर मंगळवारी आतच बसू लागला. परीक्षेच्या दिवशी त्याच्याही पुढ्यात प्रश्नपत्रिका आली. बाईंना नाही कसं म्हणायचं? लिहिली!

निकाल लागला. लेओनाला साडेत्रेसष्ट! सत्तरच्या खाली गेलं की फीची सवलत बंद. बापलेक धावत कचेरीत गेले.

"एल. व्होसिकाच्या दोन उत्तरपत्रिका आल्यात," कारकूनबाई म्हणाल्या. "एकीत शहाण्णव, दुसरीत एकतीस. संगणकाने सरासरी काढली."

"ते एकतीस माझे," लॅम्बर्ट पुटपुटला. "खोडून टाका ना!"

"असे कसे खोडू? गुण आहेत म्हणजे विद्यार्थी हवाच. तुमचं नाव नोंदवू, गुण तुमच्यावर टाकू. शाळा कधी पास झालात?"

लॅम्बर्टने टोपी काढली, फिरवली, पुन्हा घातली.

"झालो नाही. शेवटच्या वर्षी ऐन पेरणीत वडील आजारी पडले. परत गेलोच नाही."

"पण तुम्ही तर सगळ्यांना सांगता, शाळा पास झालो म्हणून..." लेओना म्हणाली.

"सांगतो खरा."

लेओनाचा राग कुठल्या कुठे गेला. कारकूनबाईंचा चेहरा मात्र खुलला.

"मग सोपंच झालं! शाळा अपुरी, म्हणजे तुम्ही शाळकरी! हिने भरला तोच फॉर्म भरा. वयाची अट कुठे लिहिलेलीच नाही. फक्त खाली पालकांची सही आणा!"

एक्कावन्न वर्षांचा लॅम्बर्ट फॉर्म घेऊन त्र्याऐंशी वर्षांच्या ऑटिलिया आजींपुढे उभा राहिला. त्या जर्दाळू भरलेले कोलाचे, म्हणजे गोड पाव, भट्टीत सरकवत होत्या. हात पुसून, चष्मा लावून त्यांनी अक्षर न् अक्षर वाचलं.

"एकतीस?"

"आई, थंडी फार होती गं..."

"आणि हिला शहाण्णव! एकाच वर्गात बसून?"

"सही कर ना."

आजींनी सही केली. मग चष्म्यावरून लेकाकडे पाहिलं.

"मोठी मोठी मुलं असतील तिथे. रस्ता ओलांडताना लेओनाचा हात धरत जा!"

पुढच्या मंगळवारी कॉलेजच्या दारात लेओनाने खरोखरच हात पुढे केला. अख्खा वर्ग खिडकीत उभा होता!