साडूशिवाय होणारं काम

"साडूला बोलवायचं नाही!" त्याने शनिवारीच बजावलं होतं. "जुन्या कॉम्प्युटरमधलं नव्या लॅपटॉपमध्ये टाकायचं. त्यात काय एवढं? बावीस वर्षं पोस्टात पार्सलं इकडून तिकडे पाठवतोय. एक हरवलं नाही! दोन तासांचं काम."

"बरं," बायको म्हणाली.

हे 'बरं' त्याला चांगलं ओळखीचं होतं. याच्या पुढे तिच्या मनात 'पण भाऊजींनी पटकन केलं असतं' असं येतंच! साडू म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा. या माणसाला सगळं येतं. नळ येतो, मिक्सर येतो, कॉम्प्युटर तर येतोच येतो. वर उंच, वर डोक्यावर केस. सासूबाई या घरी आल्या की साडूबद्दल बोलतात आणि साडूकडे गेल्या की... तिथेही साडूबद्दलच बोलतात. सांगा, माणसाने जळायचं नाही तर काय करायचं?

पण यावेळचं काम साधं नव्हतं, हेही खरं. बायको शाळेच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. नऊ वर्षांची चित्रं त्या जुन्या डब्यात होती आणि सोमवारी सकाळी प्रकाशकाला चाळीस पानं द्यायची होती. डबा मरायला टेकलेला. त्याच्या पडद्याचा डावीकडचा निम्मा भाग महिन्याभरापासून काळा पडला होता. माऊस तिकडे गेला की बेपत्ता!

रविवारी दुपारी बायको रंग आणायला बाहेर पडली आणि गडी कामाला लागला. दोन्ही यंत्रांना वायर जोडली. सगळं एकदम निवडलं, सगळे फोल्डर निळे झाले, कॉपी सुरू केली. पट्टी सरकायला लागली. 'चार तास अकरा मिनिटं,' पडदा म्हणाला.

"असू दे," तो म्हणाला आणि खुर्चीत रेलून फोल्डरांची नावं वाचू लागला. बेडूक. ससे. भूगोल इयत्ता चौथी. भाऊजी.

भाऊजी?

तो खाडकन सरळ बसला. नवऱ्याच्या नावाचा फोल्डर नाही, आणि भाऊजींच्या नावाचा आहे! त्याने तो उघडला. आत एकच फाइल. ती उघडली. डावीकडचा भाग अंधारात, पण उजवीकडचं लख्ख दिसत होतं.

'मंगळवारी आले. हे कामावर गेल्यावर. कळलं नाही.'

'शुक्रवारी आले. तासभर लागला. ह्यांना संशय नाही.'

'पुन्हा आले. आवाज झाला म्हणून शेजारच्या काकूंनी विचारलं. काहीतरी सांगून वेळ मारून नेली.'

त्याच्या कानशिलातून वाफ निघाली! अशा एकतीस ओळी! तो बिचारा पोस्टात शिक्के मारतोय आणि इथे ह्यांचं हे! आणि तो उंच मेला येतो तर येतो, वर आवाजही करतो!

"हे पार्सल काही नव्या पत्त्यावर जाणार नाही!" तो ओरडला, फाइल फाडकन बंद केली, मागच्या यादीवर आला आणि डिलीटचं बटण असं दाबलं की टेबल हललं. पडद्याने काहीतरी विचारलं. प्रश्नाचा पहिला अर्धा भाग अंधारात होता. दिसलं फक्त एवढंच: '...कायमचं पुसायचं?'

"कायमचं! सात जन्मांसाठी!"

त्याने 'हो' दाबलं.

मग बेडूक गेले. ससे गेले. भूगोल इयत्ता चौथी गेली. सगळे फोल्डर मघापासून निळेच होते हो! पडद्याचा उरलेला अर्धा भाग पांढराशुभ्र होऊन त्याच्याकडे बघत राहिला. पलीकडे लॅपटॉपने कळवलं, 'फाइल सापडत नाही.'

राग कुठल्या कुठे पळाला. नऊ वर्षं! चाळीस पानं! ती आता येईल आणि 'झालं का?' विचारेल. सगळी बटणं दाबून झाली, डब्याला थोपटून झालं. शेवटी त्याने फोन उचलला. ज्याचा गळा धरायचा, त्याच्याच पाया पडायची वेळ आली होती.

"साडूभाऊ... एक बारीकशी अडचण झालीय."

"काही हलवू नका. निघालोच!"

साडू वीस मिनिटांत हजर. जणू कपडे करूनच बसला होता. त्याने खिशातून मोबाइलएवढी हार्ड डिस्क काढली, लॅपटॉपला जोडली, आणि एकामागून एक बेडूक परत येऊ लागले. ससे आले. चाळीसच्या चाळीस पानं आली. आणि त्यांच्या मागोमाग 'भाऊजी'ही आले.

तेवढ्यात बायको दारात.

"आलीस? बरं झालं!" तो गरजला. "हा फोल्डर आत्ता माझ्यासमोर उघडायचा. दोघांनी मिळून!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बायकोचा चेहरा उतरला. "राहू द्या ना," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटू दे!"

तिने फाइल उघडली. लॅपटॉपचा पडदा पूर्ण उजळ होता. डावीकडे लिहिलं होतं: 'बेसिनचा नळ, ह्यांनी दुरुस्त केला.' 'मिक्सर, ह्यांनी दुरुस्त केला.' 'दाराची बेल, ह्यांनी दुरुस्त केली. शॉक बसतो.' आणि प्रत्येकापुढे उजवीकडे, भाऊजी येऊन गेल्याची नोंद. एकतीस वस्तू! ज्या मिक्सरची फुशारकी त्याने पोस्टातल्या प्रत्येक खिडकीवर मारली होती, तोसुद्धा!

"तुमचं मन मोडू नये म्हणून," बायको पुटपुटली. "नोंद ठेवावी लागते हो. नाहीतर एकाच वस्तूसाठी भाऊजींना दोनदा बोलावलं जातं."

त्याने शेवटची ओळ वाचली. आजचीच तारीख. 'नवा लॅपटॉप, हे करतायत.' आणि पुढे: 'भाऊजी, संध्याकाळी पाच.'

"ही... ही ओळ कधी लिहिलीस?"

"काल. तुम्ही 'दोन तासांचं काम' म्हणून कामावर गेलात ना, तेव्हा. मग भाऊजी येऊन सगळं त्या डिस्कवर उतरवून घेऊन गेले."

साडूने घड्याळात पाहिलं. सव्वाचार वाजले होते.

"पण प्रगती आहे हं साडूभाऊ!" तो म्हणाला. "यावेळी तुम्ही स्वतः फोन केलात."

यावर ती दोघं एकदमच हसली. संशय फिटला, तरी त्याला ते काही आवडलं नाही.