चिकूचा नेमका कोणता पाय

जनावर कोणत्या पायानं लंगडतं, हे किसनरावांना नुसत्या चालीवरून कळायचं. तेल्हाऱ्याच्या बाजारात बैल घ्यायचा असला की लोक त्यांना मुद्दाम सोबत नेत. म्हणून मुलगी वर्षाली आठ दिवसांच्या ट्रेनिंगला निघाली आणि अमरावतीच्या फ्लॅटमध्ये आपला चिकू आईवडिलांच्या हवाली करताना सूचना देऊ लागली, तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, की जन्मभर बैल सांभाळले, या मूठभर कुत्र्याचं काय घेऊन बसलीस!

तिसऱ्या दिवशी चिकू लंगडला. मागचा एक पाय पोटाशी धरून तीन पायांवर चार उड्या मारल्या, पाय मागे झटकला आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागला. किसनराव चक्रावले. बैल लंगडला की लंगडतो, असा मधेच बरा होत नाही. त्यांनी पाय दाबून पाहिला. ना सूज, ना काटा.

"डावा पाय हाय," ते म्हणाले.

"उजवा हाय," त्यांची बायको बेबीताई म्हणाल्या.

दोन दिवस दोघंही हटेनात. किसनरावांनी डाव्या पायाला कोमट तेल चोळलं, बेबीताईंनी उजव्याला हळदीचा लेप लावला. कुत्रं मागून नवरदेवासारखं पिवळंधम्मक झालं आणि लंगडायचं तसं लंगडत राहिलं. शेवटी ऑटो करून दोघं त्याला डॉक्टरकडे घेऊन गेले. तिथे चिकू ऐटीत चारही पायांवर चालून दाखवत होता.

कुठं मार लागला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. किसनरावांनी मान खाली घातली.

"दिवाणावरून उतरताना माहा पाय पडला त्याच्यावर. डाव्या पायावर. हिले सांगितलं नाही."

बेबीताई पदर सावरत हळूच म्हणाल्या, "मी सैपाकघराचं दार लोटलं, तवा उजवा पाय सापडला होता."

डॉक्टरांनी दोन्ही गुडघे हलवून पाहिले. दोन्हींची वाटी खाचेतून सरकत होती. लहान जातीच्या कुत्र्यांत हे बहुधा जन्मापासूनच असतं, ते म्हणाले. वाटी सरकली की पाय वर धरतात, झटकला की ती परत जागेवर बसते. कधी हा पाय, कधी तो. वजन कमी ठेवा, दिवाणावरून उडी मारू देऊ नका, आणि त्रास वाढला तर ऑपरेशनचं पाहू. तुमच्या दोघांच्या हातून काहीच झालेलं नाही.

परतताना ऑटोत बेबीताईंनी चिकूला मांडीवर घेतलं.

"मंग दोन दिवस माह्याशी काहून भांडून राहिले होते?" बेबीताईंनी विचारलं.

तेवढ्यात वर्षालीचा फोन आला. किसनरावांनी तिला वाटीचं सगळं नीट समजावलं. ती म्हणाली, बाबा, कमाल आहे, पण दोन्ही गुडघ्यांचं तुमच्या लक्षात आलं कसं?

किसनराव फोन बेबीताईंच्या हातात देत म्हणाले,

"डावा म्या पाह्यला. उजव्याचं तुह्या आईले विचार."